‘वाळली’ नि ‘सुटली’च्या पलीकडे : मेद आणि स्त्रीची संप्रेरके

भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या की वऱ्हाडातली घरे माणसांनी भरून जातात. पुण्याला शिकणारी भाची अमरावतीला येते, अकोल्याची थोरली जाऊ येते, सोळा भाज्या निवडता निवडता वर्षभराच्या गप्पा निघतात. आणि दारात पाऊल टाकताच प्रत्येकीच्या अंगकाठीवर एक शेरा ठरलेला असतो. ‘‘काय वं माय, किती वाळली वं तू!’’ नाहीतर, ‘‘लग्नानंतर चांगलीच सुटली वं!’’ शेरा मारणारीच्या मनात मायाच असते, ऐकणारी कसनुसे हसते आणि विषय पुरणाकडे वळतो. या शेऱ्यांचा संबंध केवळ दिसण्याशी आहे, अशी आपली समजूत असते. पण ‘वाळलेल्या’ भाचीची पाळी पाच महिन्यांपासून आलेली नसते आणि ‘सुटलेल्या’ जावेचीही ती तीन-तीन महिने लांबत असते, हे दोघींनी कोणाला सांगितलेले नसते. एकीचे वजन घटले, दुसरीचे वाढले. तक्रार मात्र एकच. असे का व्हावे, याचे उत्तर बहुतेक वेळा शरीरातील मेदात, म्हणजे आपण साध्या भाषेत ज्याला चरबी म्हणतो तिच्यात सापडते.

चरबी म्हणजे उरलेल्या अन्नाचे कोठार, ही कल्पना आपल्या मनात फार खोल रुजलेली आहे. पोटाला जास्त झाले ते साठवायचे आणि उपासमारीत काढून वापरायचे, एवढेच तिचे काम. वैद्यकशास्त्रही बराच काळ असेच मानत होते. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने या समजुतीला धक्का दिला. मेदपेशी एक संप्रेरक तयार करून रक्तात सोडतात आणि ते मेंदूपर्यंत पोहोचते, असे त्यांना आढळले. सडपातळ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला लेप्टिन हे नाव मिळाले. चरबी जितकी अधिक, तितके रक्तातील लेप्टिन अधिक. कोठारात किती माल शिल्लक आहे याचा निरोप कोठारच मेंदूला धाडत असते, असा याचा अर्थ. तेव्हापासून मेदाकडे थायरॉईड किंवा बीजांडकोश यांच्यासारखीच एक संप्रेरक ग्रंथी म्हणून पाहिले जाऊ लागले. फरक इतकाच की ही ग्रंथी एका जागी नसून सर्वांगभर पसरलेली आहे.

स्त्रीच्या शरीराला या निरोपाची गरज पुरुषापेक्षा अधिक का, हे समजण्यासारखे आहे. एका गर्भारपणात आईला नेहमीच्या खर्चाव्यतिरिक्त सुमारे ८० हजार किलोकॅलरी लागतात, असा एक जुना अंदाज आहे. शिवाय पुढे अंगावर पाजणे असते. इतका खर्च अंगावर घेण्याआधी मेंदू शिल्लक तपासून पाहतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातून साधारण तास-दीड तासाने एका संप्रेरकाचा छोटा हबका सुटतो. त्या तालावर पियुषिका ग्रंथी आपली संप्रेरके सोडते, ती बीजांडकोशाला जागे करतात, बीजांड पिकते, इस्ट्रोजेन वाढते, बीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन येते आणि गर्भ राहिला नाही तर पाळी येते. लेप्टिन घटले की हा पहिला तालच मंदावतो. पुढची सगळी साखळी मग आपोआप थंडावते. बीजांडकोशात दोष नसतो, गर्भाशयात नसतो. वरून हुकूमच आलेला नसतो.

हार्वर्डच्या रोझ फ्रिश आणि जॅनेट मॅकआर्थर यांनी १९७४ मध्ये यासंबंधी एक ठाम आकडा मांडला होता. मुलीला पहिली पाळी येण्यासाठी शरीराच्या वजनापैकी किमान १७ टक्के आणि पाळी नियमित चालण्यासाठी सुमारे २२ टक्के चरबी हवी, असे त्यांचे म्हणणे. हे आकडे पुढे जगभर पाठ झाले. पण ते तसे अचूक ठरले नाहीत. त्याहून कमी चरबी असलेल्या काही धावपटूंची पाळी नियमित असते आणि त्याहून अधिक चरबी असलेल्या काहींची बंद पडते. आजची समजूत अशी की, मेंदू केवळ शिल्लक पाहत नाही, तो रोजची जमा आणि रोजचा खर्चही पाहतो. व्यायामात खर्च झाल्यावर उरलेल्या ऊर्जेत शरीराची रोजची कामे भागत नसतील, तर वजन फारसे न घटताही पाळी थांबू शकते.

अमरावतीत हे समजावून सांगायला दूर जावे लागत नाही. १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे या शहराला मुला-मुलींच्या व्यायामाची जुनी सवय आहे. त्यात आता पोलीस भरतीची भर पडली आहे. पहाटे अमरावतीच्या मैदानांवर किंवा अकोल्याच्या वसंत देसाई क्रीडांगणावर ८०० मीटरची वेळ साधण्यासाठी धावणाऱ्या मुली दिसतात. आसपासच्या खेड्यांतून आलेल्या, खोली करून राहणाऱ्या, एक वेळचा डबा दोन वेळ पुरवणाऱ्या. सकाळी धावणे, दिवसभर अभ्यासिका, संध्याकाळी पुन्हा मैदान. चार महिन्यांत पाळी थांबते. मुलीला वाटते, बरेच झाले, कटकट गेली. मैत्रिणी सांगतात, मेहनत करणाऱ्यांचे असे होतेच. होते हे खरे. पण ते तंदुरुस्तीचे लक्षण नव्हे. इस्ट्रोजेन हाडांची राखण करते. ते महिनोन् महिने कमी राहिले की ऐन विशीत, जेव्हा हाडांत कॅल्शियमची भर पडायची, तेव्हाच ती ठिसूळ होऊ लागतात. नडगीत बारीक तडा जातो, धाव मंदावते आणि जिच्यासाठी हा खटाटोप ती भरतीही हातची जाते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली या साऱ्या प्रकाराला एक स्वतंत्र विकार म्हणून नाव दिले आणि तो पुरुष खेळाडूंतही आढळतो, हे नोंदवले.

हे केवळ तर्काने मांडलेले नाही. अतिव्यायाम किंवा घटलेले वजन यांमुळे पाळी बंद झालेल्या आठ स्त्रियांना बाहेरून लेप्टिन टोचण्याचा एक प्रयोग अमेरिकेत झाला. त्याचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. आहारात वा व्यायामात काहीही बदल न करता त्यांच्यापैकी काहींच्या बीजांडकोशाचे काम पुन्हा सुरू झाले. कोठार रिकामेच होते, भरल्याचा खोटा निरोप मात्र पोहोचला होता. अर्थात यावरून लेप्टिनची इंजेक्शने घेत सुटावे असे कोणी म्हणत नाही. भरतीच्या मुलीला औषध हवे ते डब्यात. अकोल्याच्या डाळ मिलमधून तूरडाळ देशभर जाते आणि त्याच शहरातल्या मेसच्या वाटीत वरण मात्र पाण्यासारखे असते, हे चित्र बदलले तरी पुष्कळ.

अमरावतीपासून काही तासांवर मेळघाट आहे. धारणी आणि चिखलदरा या तालुक्यांतील बालमृत्यूंनी १९९३ पासून देशाचे लक्ष वेधले. त्या चर्चेत मूल दिसते, त्याची आई बहुधा दिसत नाही. जन्मभर अर्धपोटी राहिलेल्या, डोंगरात लाकूड-पाणी वाहणाऱ्या कोरकू स्त्रीच्या अंगावर मेद असा फारसा नसतोच. मग तिची पाळी बंद का पडत नाही, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर असे की, लहानपणापासून थोडक्यात भागवण्याची सवय लागलेले शरीर त्याच पातळीवर आपला हिशेब बसवते. पहिली पाळी काहीशी उशिरा येते, दोन बाळंतपणांतले अंतर थोडे वाढते, पण मुले होतात. एकाएकी आलेला दुष्काळ किंवा आजार मात्र या हिशेबाला मोडतो. १९७४-७५ च्या बांगलादेशातील दुष्काळानंतर तेथील जन्मांची संख्या एकदम खाली आली होती. कायमच्या उपासमारीची किंमत आई पाळीत मोजत नाही, तर बाळाच्या वजनात मोजते. ही बाब लक्षात ठेवायला हवी, कारण शहरातल्या ‘सुटलेल्या’ जावेची गोष्ट काही अंशी येथूनच सुरू होते.

तिच्याकडे वळण्याआधी मेदाचे दुसरे काम पाहू. मेदपेशींत अरोमाटेज नावाचे एक विकर असते. रक्तातून येणाऱ्या पुरुषी संप्रेरकांचे ते इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. प्रत्येक स्त्रीच्या शरीरात पुरुषी संप्रेरके थोड्या प्रमाणात असतातच, त्यात गैर काही नाही. मेद वाढला की हा कारखानाही वाढतो. बीजांडकोशातून येणारे इस्ट्रोजेन महिन्याच्या चक्राप्रमाणे चढते-उतरते. मेदातून येणारे मात्र सतत, एकाच पातळीवर झिरपत राहते. मेंदूला मिळणारे चढ-उताराचे संकेत त्यामुळे पुसट होतात. त्याच वेळी पोटाच्या आतल्या, आतड्यांभोवतीच्या मेदामुळे शरीर इन्शुलिनला दाद देईनासे होते. स्वादुपिंड मग अधिकाधिक इन्शुलिन सोडते. साखर ताब्यात राहते खरी, पण हे जादा इन्शुलिन दोन ठिकाणी घोटाळा करते. बीजांडकोशाला ते पुरुषी संप्रेरके जास्त बनवायला लावते. आणि या संप्रेरकांना बांधून ठेवणारे जे प्रथिन यकृतात तयार होते, त्याची निर्मिती घटवते. म्हणजे उत्पादन वाढले आणि वेसणही सैल झाली. बीजांडे अर्धवट वाढून थांबतात, बाहेर पडत नाहीत. पाळी लांबते, हनुवटीवर राठ केस येतात, पुरळ हटत नाही, डोक्यावरचे केस विरळ होतात. पीसीओएस या चार इंग्रजी अक्षरांनी आता घरोघरी पोहोचलेला विकार तो हाच. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थाल या डॉक्टरांनी त्याचे वर्णन केले होते, तेव्हा तो दुर्मीळ समजला जाई.

या विकाराची एक खूण आपल्याकडे हमखास चुकीची वाचली जाते. मानेच्या मागे आणि काखेत कातडी काळसर, जाडसर, मखमलीसारखी होते. घरात तिला मळ समजतात. मुलीला दगडाने, काथ्याने घासून आंघोळ घालतात, ‘स्वच्छ राहत नाहीस’ म्हणून बोलतात. घासून तो डाग जात नाही. कारण तो बहुधा रक्तातल्या वाढलेल्या इन्शुलिनचा कातडीवर उमटलेला परिणाम असतो. मानेवरचा हा पट्टा दिसला तर साबण बदलण्यापेक्षा साखर तपासावी.

आता एक गोष्ट अनेकींना बुचकळ्यात टाकते. वजनकाट्यावर सारे ठीक, साडीत चारचौघींसारखीच दिसते, तरी हा विकार कसा? मुंबईत किशोरवयीन व तरुण मुलींच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, एका निकषाने २२.५ टक्के तर दुसऱ्या, अधिक काटेकोर निकषाने १०.७ टक्के मुलींना पीसीओएस आढळला. आणि त्यांतल्या बहुसंख्य मुली लठ्ठ नव्हत्या. याचा उलगडा पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामात मिळतो. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवतींचा आणि त्यांच्या बाळांचा पाठपुरावा केला. तेथील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. एवढ्या फरकाने भारतीय बाळ सगळ्याच बाबतींत लहान असायला हवे होते. त्याचे स्नायू कमी होते, पोटाचा घेर कमी होता. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ तेवढीच टिकलेली होती. हडकुळ्या देहात राखलेली चरबी! २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक यांनी स्वतःचे आणि आपले लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंचीच्या मानाने वजन मोजणारा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के.

वजनकाटा चरबी आणि स्नायू यांत फरक करीत नाही, हे त्या एका छायाचित्राने पटवले. म्हणूनच आपल्यासाठी मापे वेगळी आहेत. पाश्चात्त्यांत बीएमआय २५ पर्यंत ठीक मानला जातो, भारतीयांना २३ पासूनच सावध व्हायला सांगितले जाते. आणि स्त्रीच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असा निकष आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील २०.८ टक्के स्त्रिया कमी वजनाच्या आणि २३.४ टक्के स्त्रिया जादा वजनाच्या किंवा लठ्ठ आढळल्या. हे दुसरे गणित २५ च्या मापाने केलेले आहे, तेव्हा खरी संख्या त्याहून मोठी धरायला हवी. त्याच पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक, ५६.७ टक्के स्त्रियांचे कंबर-नितंब गुणोत्तर धोक्याच्या पातळीवर होते. म्हणजे वजनाने न भरणाऱ्या कितीतरी जणी पोटाने भरतात.

कमी वजनाने जन्मलेली, स्नायू कमी पण मेद राखून असलेली मुलगी खेड्यातच राहिली, शेतात राबली, तर तिच्या शरीराचा हिशेब कदाचित जुळून जातो. तीच मुलगी शिकून शहरात आली, दिवसभर खुर्चीत बसू लागली, संध्याकाळी कचोरी नि गिला वडा आणि रात्री दहाला जेवण असे चक्र सुरू झाले, की राखलेल्या चरबीवर नवी चरबी चढते. तीही मांड्यांवर नव्हे, पोटात. अपुऱ्या वजनाचा जन्म आणि पुढचा पीसीओएस यांचे नाते अनेक संशोधकांनी दाखवले आहे. प्रत्येक मुलीत ते लागू पडतेच असे नाही. पण आजी अर्धपोटी, आई कष्टाची आणि लेक संगणकासमोर, असा तीन पिढ्यांचा प्रवास ज्या घरांनी झपाट्याने केला, त्यांत वऱ्हाडातली असंख्य घरे आहेत. ‘‘आमच्या वेळी नव्हती ही थेरं,’’ असे सासूबाई म्हणतात, तेव्हा त्यांचे निरीक्षण चुकीचे नसते. दोष मात्र त्या सुनेच्या माथी मारतात, ते चुकीचे.

‘वजन कमी करा’ हा सल्ला दवाखान्यात मिळतो, तोही बहुधा दटावणीच्या सुरात. किती, हे सांगितले जात नाही. मग स्त्री वीस किलोंचा विचार करून हताश होते. प्रत्यक्षात वजनाच्या ५ ते १० टक्के घट झाली तरी पुष्कळ जणींत बीजे पुन्हा बाहेर पडू लागतात. ७० किलोच्या स्त्रीसाठी हे साडेतीन ते सात किलो झाले. ते सहा महिन्यांत होण्यासारखे आहे. वाढलेले इन्शुलिन चरबी साठवायला आणि भूक वाढवायला हातभार लावते, त्यामुळे तिला हे इतरांपेक्षा जड जाते, एवढे तरी घरच्यांनी समजून घ्यावे. एकदम उपाशी राहणे हा मार्ग नव्हे. त्याने ‘सुटलेली’ जाऊ ‘वाळलेल्या’ भाचीच्या पंगतीत जाऊन बसते आणि पाळी दुसऱ्याच कारणाने थांबते. आणि आपला उपवास तर भरल्या ताटाचाच असतो: साबुदाण्याची उसळ, बटाटा, शेंगदाणे. त्यापेक्षा ज्वारीची भाकरी, दाट वरण, पालेभाजी आणि रात्री लवकर जेवण हे जुने वऱ्हाडी ताट बरे. पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या उन्हाळ्यात दुपारी चालणे अशक्यच. पण सकाळी छत्री तलावाकडे चालण्याइतकेच घरात वजने उचलण्याचेही महत्त्व आहे, कारण आपल्यात मुळात कमी आहेत ते स्नायू.

मूल हवे असणाऱ्यांसाठी औषधेही आहेत. लेट्रोझोल हे त्यांतले एक. ते अरोमाटेज या विकरालाच अडवते, म्हणून मुळात स्तनाच्या कर्करोगासाठी वापरात आले. इस्ट्रोजेन तात्पुरते घटल्याने मेंदू बीजांडकोशाला पुन्हा जोराने हाक देतो. भारतात वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर २०११ मध्ये बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली. ते घ्यायचे ते तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच.

पाळी ‘आणण्याच्या’ गोळ्यांबद्दल बराच राग असतो. ‘गोळी घेतली की येते, सोडली की बंद, मग उपयोग काय?’ उपयोग आहे. बीज बाहेर पडत नाही तेव्हा प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही आणि मेदातून झिरपणारे इस्ट्रोजेन गर्भाशयाचे अस्तर जाड करीत राहते. वर्षानुवर्षे ते झडले नाही तर त्यात कर्करोगाकडे नेणारे बदल होऊ शकतात. गोळीने ते अस्तर झडते, ही राखण आहे; मूळ विकाराचा इलाज नव्हे. महालक्ष्म्यांच्या आधी पाळी ‘लांबवण्याच्या’ गोळ्यांची गोष्ट वेगळी. औषधाच्या दुकानातून परस्पर आणून त्या घेतल्या जातात. वजन जास्त असलेल्या किंवा घराण्यात रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास असलेल्या स्त्रीला त्यांतून पायात वा फुप्फुसात गुठळी होण्याचा धोका असतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत. देवीची आंबील जावेने ढवळली तर चालण्यासारखे आहे.

मुलींच्या बाबतीत मात्र घाईचा धोका अधिक. पहिल्या पाळीनंतर दोन-तीन वर्षे पाळी मागेपुढे होणे स्वाभाविक असते. त्या वयात सोनोग्राफीत बीजांडकोशावर अनेक छोट्या पुटिका दिसतात आणि त्यावरून चौदा वर्षांच्या मुलीला जन्माचा शिक्का बसतो. पहिल्या पाळीपासून आठ वर्षांच्या आत निदानासाठी सोनोग्राफीवर विसंबू नये, असे २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे. मोठ्या स्त्रियांत तीन महिने पाळी आली नाही किंवा वर्षात आठपेक्षा कमी वेळा आली, तर आधी गर्भधारणा नाही ना हे पाहावे, मग थायरॉईड, प्रोलॅक्टिन आणि साखर तपासावी. अमरावतीचे डफरीन असो की अकोल्याचे जिल्हा स्त्री रुग्णालय, त्यासाठी मोठ्या शहरात जाण्याची गरज नाही. ‘लग्न झाले की होईल ठीक’ हे उत्तर मात्र कोणत्याही दवाखान्यात मान्य करू नये.

पाळी गेल्यानंतर मेदाचा अंमल संपतो असे नाही, उलट वाढतो. बीजांडकोश थांबल्यावर स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन प्रामुख्याने मेदातूनच येते, आणि तोपर्यंत मांड्या-नितंबांवर राहणारी चरबी पोटाकडे सरकू लागते. काही जणींना या इस्ट्रोजेनचा हाडांसाठी थोडा आधार होतो; पण पन्नाशीनंतर लठ्ठ असलेल्या स्त्रियांत स्तनाचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग अधिक आढळतो, त्याचे एक कारण हेच झिरपणारे इस्ट्रोजेन आहे. पाळी पूर्ण बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा डाग जरी दिसला, तरी ‘उष्णता झाली असेल’ म्हणून सब्जाचे पाणी पीत बसू नये. त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाऊन अस्तराची तपासणी करून घ्यावी.